गासिग्वाचा पहिला घोट

"मावशी, हात इतक्या लवकर पुढे करू नकोस गं. गासिग्वाकाका 'मला क्षमा कर' म्हणतील, मग जरा थांब, त्यांच्याकडे बघ, आणि मग हात दे."

"किती थांबू?" आसुम्प्तानं विचारलं.

"मी मान हलवीन ना. मागच्या वेळी तू एवढी घाई केलीस की पाहुण्यांना धड फोटोसुद्धा मिळाला नाही."

हे आपण बोललो, आपल्याच तोंडानं बोललो, हे सोलांजला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं, आणि आठवलं की तिला स्वतःचीच शिसारी यायची. पण त्या मंगळवारी तसलं काही नव्हतं. त्या मंगळवारी ती शाळेच्या पटांगणात वही घेऊन उभी होती, आणि पाऊस आला तर खुर्च्या कुठे हलवायच्या एवढीच तिला काळजी होती. सव्वीस वर्षांची पोरगी, टेकडीवरच्या तरुण एकता मंडळाची अध्यक्ष. शनिवारी श्रमदानाला राजधानीतून पाहुणे येणार होते, त्यांच्याबरोबर तीन परदेशी. ते तासभर कुदळ मारणार, हात धुणार आणि मग माफीचा कार्यक्रम बघणार. तो त्यांना आवडला तर सोलांज जूनमध्ये विमानात बसून परदेशात जाणार होती, शांततेवर बोलायला. सरकारी कचेरीतल्या सचिवसाहेबांनी तसं जवळजवळ कबूलच केलं होतं.

माफीचा कार्यक्रम म्हणजे काय, हे आमच्या टेकडीवरच्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं. गासिग्वा यायचा, टोपी काढायचा, आसुम्प्तासमोर गुडघे टेकायचा आणि म्हणायचा, "मी माणसासारखा वागलो नाही. तुझी माणसं माझ्यामुळे गेली. आज तुझ्या दारी आलो आहे, मला क्षमा कर." ही वाक्यं सोलांजनंच लिहिली होती. पहिल्या खेपेला म्हातारा नुसतं "झालं ते झालं, चुकलं माझं" असं पुटपुटला होता, आणि तेवढ्यावर कोण रडणार? मग आसुम्प्ता हात द्यायची, त्याला उठवायची. मग गासिग्वा आपल्या घरचं मडकं पुढे आणायचा. त्याच्या स्वतःच्या केळीची दारू. आमच्यात जो दारू देतो तो आधी स्वतः घोट घेतो, आत काही कालवलेलं नाही हे दाखवायला. तो बोरूची नळी तोंडाला लावायचा, मग तीच नळी आसुम्प्ताला द्यायचा. एका मडक्यातून दोघं. इथे पाहुणे डोळे पुसायचे आणि मंडळाची पोरं टाळ्या वाजवत गाणं सुरू करायची. सहा वर्षांत चौदा वेळा झालं होतं हे.

आसुम्प्ताला ती दारू आवडायची हे आणखी एक. "काही म्हण, पण गासिग्वाच्या केळीची गोडी दुसऱ्या कुठल्या केळीला नाही," ती घरी येऊन म्हणायची. कार्यक्रमानंतर उरलेली बाटलीही ती घेऊन यायची आणि चार दिवस पुरवून पुरवून प्यायची.

आता ही मावशी आणि हा गासिग्वा कोण ते सांगायला हवं. पंचवीस वर्षांपूर्वी, कत्तलीच्या त्या एप्रिलमध्ये, टेकडीखालच्या रस्त्यावर लाकडाचा ओंडका आडवा टाकून जे पाच-सहाजण उभे असायचे, त्यांत गासिग्वा होता. आसुम्प्ताचा नवरा, तिचा सात वर्षांचा कागाबो, चार वर्षांचा गेंझी आणि सोलांजचे आईबाप, अशी पाच माणसं एकाच दुपारी त्या ओंडक्यापाशी पोचली. आसुम्प्ता तेव्हा वर्षाच्या सोलांजला पाठीशी बांधून ज्वारीच्या शेतात पडून होती. पाठीवरची पोर रडली नाही म्हणून दोघी वाचल्या. पुढे गासिग्वा पकडला गेला, सोळा वर्षं आत राहिला, गावापुढच्या न्यायासनासमोर सगळं कबूल केलं. एकच प्रश्न उरला होता. कुठे टाकलंत? "नदीत," तो म्हणाला.

नदीत म्हटल्यावर बोलणंच खुंटलं. नदी खणता येते का? दर एप्रिलला कुणाच्या ना कुणाच्या माणसांची हाडं सापडायची, धुतली जायची, पांढऱ्या कापडाच्या पेट्यांमधून स्मारकात जायची. आसुम्प्ता त्या रांगेत दुसऱ्यांच्या पेट्यांमागून मोकळ्या हातांनी चालायची. "माझी पेटी नाही," ती म्हणायची. "एक कवटी मिळाली असती तरी चाललं असतं. नाव सांगून पुरलं असतं, आणि मग मी मरायला मोकळी." गेल्या वर्षापासून तिचं पोट सारखं दुखायचं. दवाखान्यातल्या नर्सनं गोळ्या दिल्या होत्या, पण गुण नव्हता. पेटीचा विषय मात्र तिनं आता वाढवला होता. रोज एकदा तरी निघायचाच.

गुरुवारी बाजार असतो. सोलांज राजम्याचे दाणे निवडत होती, आणि मागच्या टपरीतून तिला हसणं ऐकू आलं. ओळखीचं वाटलं म्हणून तिनं वळून पाहिलं. गासिग्वा! भिंतीला टेकून, पाय पसरून बसलेला, हातात बाटली, तोंडात नळी. गुरगुर आवाज येईपर्यंत तळ ओढत होता म्हातारा.

सोलांज बघतच राहिली. तुरुंगातून आल्यापासून आपण दारू सोडली, पोटाला सोसत नाही, असं हाच माणूस सगळ्यांना सांगत फिरायचा. म्हणूनच तर कार्यक्रमात तो नळी ओठांना लावून लगेच पुढे करायचा, आणि त्याबद्दल कुणी काही म्हणायचं नाही.

"हे इथे नेहमी येतात?" तिनं टपरीवालीला हळूच विचारलं.

"म्हातारबा? रोजचं गिऱ्हाईक आहे बाई. दोन बाटल्या झाल्याशिवाय बूड हलत नाही त्यांचं."

"केळीचीच?"

"मग काय दूध पितात? माझ्या भावाच्या केळीची. स्वतःची घोटभरसुद्धा घेत नाहीत. मी म्हटलं एकदा, अहो, तुमच्या दारूचं एवढं नाव, आणि तुम्ही माझ्याकडे येता? तर म्हणाले, ती मला जात नाही."

सोलांजनं दाणे तसेच टाकले आणि निघाली.

आमच्याकडे कुणाचं पोट फुगलं, कुणी वाळायला लागलं, की पहिला विचार एकच येतो. कुणाच्या घरचं काय प्यायलास? शिकलेल्या माणसालाही तोच येतो, आणि सोलांज तर मंडळाच्या बैठकीत 'अफवा पसरवू नका' असं स्वतः सांगणारी. पण बाजारापासून भाड्याच्या मोटारसायकलींच्या थांब्यापर्यंत चालत जाईतो तिच्या डोक्यात एकच शब्द घण मारत होता. विष. मावशीच्या पोटात थेंबाथेंबानं विष चाललंय, आणि दरवेळी मान हलवून खूण करणारी मी!

थांब्यावर एव्हारिस्त गाडी धूत होता. गासिग्वाचा मुलगा, मंडळाचा उपाध्यक्ष. बाप पकडला गेला तेव्हा हा आईच्या पोटात होता. सोलांजबरोबर गेली पाच वर्षं त्यानं घराघरांतून भांडणं मिटवली होती, छपरं शाकारली होती, आणि तिच्या शिव्याही खाल्ल्या होत्या.

"तुझा बाप माझ्या मावशीला विष घालतोय," ती सरळच म्हणाली.

एव्हारिस्त आधी हसला. "सकाळपासून पाणी नाही का मिळालं तुला? ऊन लागलंय."

"हसू नकोस. तो स्वतःची दारू पीत नाही. बाजारात दुसऱ्याची ढोसतो आणि आपली मावशीला पाजतो. का?"

त्याचं हसणं गेलं. "सोलांज, तोंड सांभाळ. काय म्हणतेस ते कळतंय का तुला? हे टेकडीवर पसरलं तर उद्या आमचं घर पेटवतील. तूच शिकवतेस ना आम्हाला, शब्द जपून वापरा म्हणून?"

"मग सांग ना का पीत नाही!"

तो गाडीवर बसला, "बस मागे" म्हणाला, आणि तिला थेट घरी घेऊन गेला. आतून शनिवारसाठी भरून ठेवलेली एक बाटली आणली, बूच दातांनी काढलं, आणि तिच्यासमोर उभ्याउभ्या गटागटा सगळी प्यायला. हनुवटीवरून ओघळ आला. रिकामी बाटली त्यानं तिच्या हातात कोंबली.

"बघ. मेलो का? संध्याकाळपर्यंत बसून बघ हवं तर. विष म्हणे!"

सोलांजला लाज वाटली. पण प्रश्न हलेना. "बरं, विष नाही. चुकलं माझं. मग तुझा बाप का पीत नाही?"

"मला काय ठाऊक? तो त्या मळ्यातलं काहीच खात नाही. तुरुंगातून आला त्याच आठवड्यात आईला म्हणाला, ह्या केळी घरात शिजवायच्या नाहीत, ही दारूचीच. आई भांडली. म्हणाली, सोळा वर्षं ह्याच केळीवर पोरगं वाढवलंय मी. तर त्यानं ताट भिरकावलं. तेव्हापासून..."

तो बोलता बोलता थांबला. दारातून मळा दिसत होता. उताराच्या कडेला वीस-पंचवीस झाडं, टेकडीवरच्या इतर कुठल्याही केळीपेक्षा उंच आणि हिरवीगार. त्यांच्या घडांचं सगळ्यांना कौतुक होतं.

"कधी लावली ती?" सोलांजनं विचारलं.

"आई सांगायची... मी व्हायच्या आधी. त्याच वर्षी. मे महिन्यात." तो मळ्याकडेच बघत होता. "सगळीकडे लोक पळत होते, आणि हा केळी लावत होता, असं आई हसून सांगायची."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एव्हारिस्त दाराबाहेर गेला, भिंतीला हात टेकला आणि भडभडून ओकला. आत्ता प्यायलेली दारू तर पडलीच, पण नंतर नुसत्या उमाळ्यांवर उमाळे येत राहिले. "मी लहानपणापासून... उकडून, शेंगदाण्याचा रस्सा घालून..." एवढंच तो मधेमधे म्हणत होता. सोलांजनं त्याची पाठ चोळायला हात पुढे केला आणि मागे घेतला. तिला त्याला हात लावायची किळस आली. आणि किळस आली ह्याचीही किळस आली, कारण गेल्या वेळच्या मडक्यातला घोट तिनंही घेतला होता.

म्हातारा तासाभरानं बाजारातून आला. दोघं मळ्याच्या तोंडाशी उभी होती. त्यानं मुलाचा चेहरा पाहिला, सोलांजच्या हातातली रिकामी बाटली पाहिली, आणि टोपी काढली. टोपी काढायची त्याला सवयच झाली होती.

"खाली काय आहे?" सोलांजनं विचारलं. तिनं काका म्हटलं नाही.

"कशाच्या खाली?"

"बाबा!" एव्हारिस्त ओरडला.

गासिग्वा दगडावर बसला. टोपीची कड चाचपली. मग म्हणाला, "माणसं आहेत."

"कोणती?"

"ओंडक्यापाशी आली ती. सगळी नाहीत. शेवटची. नदीपर्यंत न्यायचा कंटाळा आला होता बरोबरच्या पोरांना. माझा खड्डा आयता होता, केळी लावायलाच खणलेला."

कंटाळा! हा शब्द त्यानं असा वापरला, जसं कुणी पाण्याच्या घागरीबद्दल बोलावं. "माझी मावशी सहा वर्षं तुझ्या समोर बसते. दर वेळी विचारते, काही आठवतंय का. आणि तू म्हणतोस नदी."

"नदी म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही." त्यानं वर पाहिलं. "मळा खणला असता तर शिक्षा वाढली असती. मग घर, हे पोरगं... आणि नंतर तुझा कार्यक्रम सुरू झाला. सगळे म्हणायला लागले, गासिग्वा सुधारला. आता कुठल्या तोंडानं सांगू?"

"ज्या तोंडानं माफी मागतोस त्याच!"

त्यानं टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

"मग तिला ती दारू का पाजलीस?" सोलांजचा आवाज आता फाटला होता. "तुला जात नाही. तुला ओकारी येते. आणि तिला? तिला का?"

आणि ह्यावर तो म्हातारा जे बोलला ते सोलांजनं पुढे कुणालाही पूर्ण सांगितलं नाही. तो अगदी समजुतीच्या स्वरात, मुलीला शेतीतलं काही सांगावं तसं म्हणाला, "अगं, तिच्याच माणसांवर उगवलेलं आहे ते. मी कोण खाणारा? ज्याचं त्याला जावं, एवढंच मनात होतं माझ्या. म्हणून तर दर वेळी पहिला घड तिच्यासाठी ठेवायचो."

त्याला खरंच वाटत होतं की आपण काहीतरी परत करत होतो. सोलांजनं हातातली बाटली दगडावर आपटली आणि निघून आली, कारण आणखी क्षणभर तिथे थांबली असती तर तिच्या हातून काहीतरी झालं असतं, आणि मग मंडळाच्या अध्यक्षबाईंनी म्हाताऱ्याला मारलं असं झालं असतं.

शुक्रवारी सकाळी ती सचिवसाहेबांच्या कचेरीत गेली. साहेबांनी सगळं ऐकलं, दार लावून घेतलं, दोनदा "अरेरे" म्हणाले. मग कॅलेंडरकडे पाहिलं.

"सोमवारी खणू," ते म्हणाले. "रीतसर. कत्तलीतून वाचलेल्यांच्या संघटनेला कळवू, पोलीस बोलावू. उद्या पाहुणे आहेत."

"म्हणून तर उद्याच खणूया साहेब. सगळं गाव कुदळी घेऊन जमणारच आहे."

"आणि पाहुण्यांना काय दाखवायचं? सहा वर्षं ज्या जोडीचं आपण नाव सगळीकडे नेलं, तीच खोटी? पोरी, जरा डोकं वापर. पंचवीस वर्षं थांबली तुझी मावशी. दोन दिवसांनी काय आभाळ कोसळणार आहे? उद्या एकदाच, शेवटचा कार्यक्रम होऊ दे. तुझंही जूनचं पक्कं होईल."

"म्हणजे उद्या ती पुन्हा त्याचा हात धरेल?"

"तिला माहीतच नसेल तर तिला त्रास कसला?"

आणि सांगायची लाज वाटते, पण सोलांज दारापर्यंत गेली तोवर तिच्या मनात एक हिशेब चालू होता. एकच दिवस. दारूऐवजी लिंबाचं सरबत ठेवू. मावशीला सोमवारी सांगू. मी परदेशात जाऊन हे सगळं खरं खरं बोलेन. इतका गुळगुळीत आणि शहाणा वाटला तिला तो विचार, की दारात उभं राहून तिनं स्वतःलाच एक सणसणीत शिवी हासडली. साहेबांना वाटलं त्यांनाच दिली. वाटू दे, म्हणाली ती मनात, आणि जाताना संघटनेच्या बाईंना आणि पोलीस चौकीला स्वतःच फोन लावला.

घरी आसुम्प्ता शनिवारच्या कार्यक्रमाचं लुगडं उन्हात झटकत होती. सोलांजनं तिला ओट्यावर बसवलं आणि खड्ड्याचं सांगितलं. दारूबद्दल ती काही बोलली नाही. रस्ताभर तिनं ठरवलं होतं, तेवढं नाहीच सांगायचं.

आसुम्प्तानं हातातलं लुगडं मांडीवर ठेवलं. मग, "सापडले?" एवढंच म्हणाली, आणि तिचा चेहरा असा उजळला की सोलांजला तो पाहवेना. "माझे? पाचही? नक्की?"

"नक्की, मावशी. तोच म्हणाला."

"कुठे म्हणालीस? मळ्यात? कुठल्या मळ्यात त्याच्या? त्याला एकच तर..."

मग ती थांबली. सोलांजनं मान खाली घातली. आसुम्प्ता उठली, घरामागे गेली. बराच वेळ तिथून आवाज येत राहिले, आणि मध्ये एकदा रडवेली, संतापलेली हाक आली, "येऊ नकोस! इकडे येऊ नकोस तू!" ती परतली तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि डोळे लाल. तिनं ते लुगडं घडी करून पेटीत ठेवलं आणि शेतात नेसायचं जुनेरं बाहेर काढलं.

"ती गोड आहे असं मी म्हणायचे गं," ती म्हणाली. "सगळ्यांना सांगत फिरायचे."

सोलांज तिच्या शेजारी बसली.

शनिवारी सकाळी सगळी टेकडी रस्त्याच्या चरासाठी कुदळी घेऊन जमली होती. पाहुण्यांच्या गाड्या आल्या. सचिवसाहेब नवे गमबूट घालून सगळ्यांत पुढे. सोलांज चराच्या काठावर उभी राहिली आणि तिनं जे होतं ते चार वाक्यांत सांगून टाकलं. "आज चर नाही. आज गासिग्वाचा मळा," ती शेवटी म्हणाली. साहेब काहीतरी बोलायला गेले, पण तोवर एव्हारिस्त कुदळ खांद्यावर टाकून मळ्याकडे चालायलाही लागला होता, आणि त्याच्यामागून मंडळाची तीस-पस्तीस पोरं. कुणी गाणं म्हटलं नाही. मागोमाग गाव निघालं, आणि काय चाललंय हे न कळलेले पाहुणेही निघाले. संघटनेच्या बाई आणि दोन पोलीस मळ्यात आधीच येऊन थांबले होते.

पहिली केळ एव्हारिस्तनं तोडली. झाड पडलं की पाणी सुटतं, चिकट. पोरं ते अंगाला लागू नये म्हणून उड्या मारून बाजूला होत होती. मग बुंधे उपटले. दुसऱ्या बुंध्याच्या मुळ्यांमध्ये गुंतून पहिलं हाड वर आलं, पांढऱ्या मुळ्यांनी इतकं घट्ट वेढलेलं की सोडवताना बाईंना सुरी घ्यावी लागली. एक परदेशी बाई घाईनं मागे सरून उतारावर जाऊन बसली. पोरांपैकी दोघं रडत खणत होती, एक जण शिव्या देत.

गासिग्वा घराच्या सावलीत उभा होता. खड्डा कमरेइतका झाला तेव्हा तो पुढे आला. टोपी काढली, आसुम्प्तासमोर गुडघे टेकले आणि सुरू केलं, "मी माणसासारखा वागलो नाही. तुझी माणसं माझ्यामुळे गेली. आज तुझ्या दारी..."

अक्षर अन् अक्षर सोलांजचं. खड्ड्याच्या काठावर, हाडं उघडी पडलेली असताना, ह्या माणसापाशी स्वतःचं म्हणून एक वाक्य नव्हतं. आणि त्याहून भयंकर म्हणजे, आसुम्प्ताचा हात आपसूक उठला. तिचे डोळे खड्ड्यात होते, तिला कळतही नव्हतं, पण सवयीनं हात पुढे चालला होता. सोलांजनं झडप घालून तो मनगटापाशी धरला आणि खाली दाबला.

"नको मावशी. आता नको."

आसुम्प्तानं आपल्या हाताकडे पाहिलं. मग ती गासिग्वाला म्हणाली, "ऊठ. बोलणं पुरे. खाली उतर आणि माझी कोणती ती दाखव."

संघटनेच्या बाई म्हणाल्या, इतक्या वर्षांनी हाडांवरून असं सांगता येत नाही, बारा-पंधरा माणसं असावीत. पण गासिग्वा उतरला. जरासुद्धा थांबला नाही तो. घरात कुठल्या कोनाड्यात काय ठेवलंय हे घरच्या माणसाला ठाऊक असावं, तसा तो खड्ड्यात फिरला आणि बोट दाखवत गेला. "तुझा नवरा ह्या कडेला. सोलांजची आई तिथे, बाप तिच्याखाली. कागाबो इथे, तो बापाचा हात सोडत नव्हता. गेंझी..." तो वाकला, मातीवर तळहात ठेवला. "गेंझी इथे. तो सगळ्यांत शेवटी. त्याला काय चाललंय ते कळत नव्हतं, मला काका काका म्हणत होता."

एव्हारिस्तनं कुदळ खाली टाकली आणि बापाकडे पाठ करून उभा राहिला. सहा वर्षं सोलांज ज्याच्याकडून 'तुझी माणसं' असं घोकवून घेत होती, त्याला एकेकाचं नाव पाठ होतं.

आसुम्प्ता काठावर बसली, पाय खड्ड्यात सोडून. "गासिग्वा, मी तुला क्षमा केली होती ती नदीची. नदीत टाकलेत म्हणालास म्हणून केली. हे तू मला सांगितलं नव्हतंस. ह्याची मी केलेली नाही. पुढे करीन की नाही मला माहीत नाही, आणि मला ह्यापुढे कुणी विचारायलाही येऊ नका. आता बाहेर नीघ. माझ्या पोरांवर उभा आहेस तू."

तो बाहेर आला. त्याला कुणी हात दिला नाही.

पाहुण्यांतला उंच माणूस सोलांजजवळ आला आणि त्या बाई काय म्हणाल्या असं त्यानं अदबीनं विचारलं. नेहमी दुभाषी तीच असायची. सचिवसाहेब चपळाईनं मध्ये आले. "त्यांना सांग, बाई भावनेच्या भरात आहेत," ते तिच्या कानाशी पुटपुटले. "आमच्या इथली प्रक्रिया अजून चालू आहे म्हणावं. तसलं काहीतरी घाल, तुला जमतं."

जमायचं तिला. सहा वर्षं तेच केलं होतं तिनं. सोलांजनं मातीनं भरलेले हात पायांना पुसले आणि मावशी जे जसं बोलली होती ते तसंच त्या माणसाला सांगितलं, पोरांवर उभा आहेस इथपर्यंत.